विश्लेषण : तलासरीतल्या मुलाला बॅले शिकायचे असेल तर? वय, ऑडिशन, खर्च आणि पालकांपुढचे प्रश्न

समजा, तलासरीतल्या एका घरात सातवीत शिकणारी मुलगी आहे. भातकापणीनंतर पाड्यावर तारपा वाजू लागला की ती फेरातून बाहेर पडत नाही. मोबाइलवर तिने बॅलेचे व्हिडीओ पाहिले आणि ‘मला हेच शिकायचे आहे’ असे घरी सांगून टाकले. वडील उंबरगावच्या कारखान्यात कामाला, आई चिकूच्या बागेत मजुरीला. या घराने काय करावे? हो म्हणायचे तर नेमके कशाला हो म्हणायचे? आणि नाही म्हणायचे तर कशाच्या आधारावर?

रिक्षाचालकाचा मुलगा लंडनला पोहोचला, वेल्डरचा मुलगा जगप्रसिद्ध बॅले शाळेत गेला, अशा बातम्या आपण वाचतो. त्या खऱ्या आहेत. पण त्यांतून एक गोष्ट अनेकदा निसटते. या मुलांमध्ये गुण होतेच, मात्र योग्य वेळी कोणीतरी त्यांचा वेळ आणि पैसा यांचा भार उचलला. म्हणूनच ‘माझ्या मुलात गुण आहेत का’ या प्रश्नाबरोबर ‘हा भार कोण आणि किती वर्षे उचलणार’ हाही प्रश्न घरात विचारायला हवा.

बॅलेचे ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ म्हणजे काय?

आठवड्यातून एक-दोन दिवस छंद म्हणून बॅले शिकणे आणि पुढे नर्तक होण्यासाठी शिकणे, हे दोन वेगळे मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गावर साधारण दहा-अकराव्या वर्षापासून जवळपास रोज सराव असतो. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये ११ ते १६ वयाची मुले रिचमंड पार्कमधील ‘व्हाइट लॉज’ या वास्तूत राहून शालेय शिक्षण आणि बॅले एकत्र शिकतात. त्यानंतरचे वरिष्ठ वर्ग कॉव्हेंट गार्डन येथे होतात. रशियातील सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी १७३८ पासून सुरू आहे. तिथेही मुले दहा वर्षांच्या आसपास प्रवेश घेतात आणि आठ-नऊ वर्षे शिकतात. पॅरिस ऑपेराची बॅले शाळा त्याहूनही जुनी, १७१३ची.

भारतात अशा स्वरूपाची, शाळा आणि बॅले एकाच छताखाली असलेली व्यवस्था रुळलेली नाही. इथे मुले खासगी वर्गांत शिकतात. मुंबईत तुषना डल्लास यांनी १९६६ मध्ये ‘स्कूल ऑफ क्लासिकल बॅले अँड वेस्टर्न डान्स’ सुरू केली. आज मुंबईत बॅले शिकवणारे इतरही वर्ग आहेत. काही वर्गांत लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ डान्सच्या परीक्षांची तयारी करून घेतली जाते. या परीक्षांत दोन रांगा आहेत. एक सर्वसाधारण ‘ग्रेड’ परीक्षांची, दुसरी ‘व्होकेशनल ग्रेडेड’ म्हणजे व्यवसायाकडे नेणाऱ्या परीक्षांची. दुसऱ्या रांगेतील पहिली पायरी ‘इंटरमीजिएट फाउंडेशन’. तिच्यासाठी किमान वय ११ वर्षे आहे. मूल कोणत्या रांगेत आहे, हे पालकांनी शिक्षकांना सुरुवातीलाच विचारावे.

वयाला इतके महत्त्व का?

बॅलेत पाय मांडीच्या सांध्यातून बाहेरच्या दिशेने वळवावा लागतो. याला ‘टर्नआउट’ म्हणतात. प्रत्येकाच्या सांध्याची ठेवण वेगळी असते आणि वाढत्या वयात रोजच्या हळूहळू सरावाने ही हालचाल कमावावी लागते. घाई केली आणि पाय मांडीऐवजी गुडघ्यातून किंवा घोट्यातून वळवला, तर दुखापत होते. तोल, उडी, गिरकी आणि संगीताची जाण हे सगळे पक्के व्हायला वर्षे जातात. नर्तकाची रंगमंचावरील कारकीर्द तरुणपणीच सुरू होते, त्यामुळे उशिरा सुरुवात करणाऱ्याला ही वर्षे भरून काढणे जड जाते.

तारप्याच्या फेरात तासन् तास नाचणाऱ्या मुलांकडे ताल, दम आणि पायांची ताकद असते. ही चांगली शिदोरी आहे. पण तारपा नाचात शरीराचा भार जमिनीकडे राहतो, बॅलेत शरीर वरच्या दिशेने खेचलेले लागते. गावच्या नाचात उत्तम असलेल्या मुलालाही बॅलेची मुळाक्षरे पहिल्यापासूनच गिरवावी लागतात.

मुंबईच्या मुलांनी हे कसे साधले?

आमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान ही मुंबईची दोन नावे यात सर्वांत परिचित आहेत. आमिरुद्दीनचे वडील वेल्डर, मनीषचे वडील टॅक्सीचालक. दोघेही आधी बॅलेऐवजी इतर प्रकारचे नृत्य करत होते. ॲशली लोबो यांच्या ‘डान्सवर्क्स’ या संस्थेत येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकांनी त्यांना हेरले आणि घडवले. पुढे आमिरुद्दीनला रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकण्याची संधी मिळाली, तर मनीषला अमेरिकेत प्रशिक्षणाची. त्यांच्या प्रवासावरून सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. तो २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि त्यात मनीषने स्वतः काम केले.

दिल्लीच्या कमल सिंगचे उदाहरणही असेच. त्याचे वडील रिक्षाचालक. कमलने बॅलेला सुरुवात केली तीच १७व्या वर्षी, फर्नांडो अगिलेरा यांच्याकडे. २०२० मध्ये त्याची इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलच्या प्रशिक्षण कार्यक्रमासाठी निवड झाली. लंडनच्या खर्चासाठी ऑनलाइन लोकवर्गणी उभी करावी लागली.

या तिन्ही कथांत काही गोष्टी सारख्या आहेत. पहिली, शिक्षकाने ठरलेल्या तासांपलीकडे जाऊन वेळ दिला. दुसरी, खर्चाचा मोठा वाटा कुटुंबाबाहेरून आला. तिसरी, तिघेही महानगरात राहत होते, वर्ग रोज गाठता येण्याजोगा होता. चौथी, तिघेही मुलगे आहेत. बॅलेकडे वळणाऱ्या मुलग्यांची संख्या जगभर मुलींपेक्षा कमी असल्याने त्यांना उशिरा सुरुवात करूनही थोडी अधिक संधी मिळते. मुलींमध्ये स्पर्धा फार तीव्र असते. त्यामुळे ‘कमलने १७व्या वर्षी सुरू केले, मग आपल्या मुलीलाही चालेल’ असे गणित मांडणे धोक्याचे ठरू शकते.

तलासरी ते मुंबई : वेळेचा हिशेब काय सांगतो?

तलासरी गावाला रेल्वे स्थानक नाही. उंबरगाव, घोलवड किंवा डहाणू रोड गाठावे लागते. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावते. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर. एका बाजूचा प्रवास अडीच ते तीन तासांचा धरला, तर येऊन-जाऊन पाच ते सहा तास होतात. त्यात तलासरीहून स्थानकापर्यंतचा आणि पुढे वर्गापर्यंतचा वेळ मिळवावा लागतो.

दीड तासाच्या वर्गासाठी सात-आठ तासांचा प्रवास रोज करणे वाढत्या वयाच्या मुलासाठी योग्य नाही. झोप तुटते, शाळा बुडते आणि थकलेल्या पायांनी उड्या मारल्या की दुखापत होते. सोबत जाणाऱ्या पालकाची हजेरीही बुडते. खर्चाचा हिशेब करताना तिकिटाइतकीच ही बुडालेली मजुरी मोजावी लागते.

म्हणून प्रत्यक्षात तीन टप्पे शक्य दिसतात. पहिला टप्पा गावातच पाया घालण्याचा. दुसरा टप्पा शनिवार-रविवार आणि सुट्टीतील शिबिरांचा. तिसरा टप्पा मुंबईत नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहून रोज शिकण्याचा. पहिला टप्पा वगळून थेट तिसऱ्यावर उडी घेतली, तर मुलाला हे खरोखर हवे आहे का, हे कळण्याआधीच घर विस्कटते.

गावात राहून सुरुवात कुठून करता येते?

लहान वयात बॅलेच हवा असे नाही. भरतनाट्यम, कथक, जिम्नॅस्टिक्स किंवा योग यांपैकी जे जवळ नीट शिकवले जाते, ते घ्यावे. यातून अंगाला वळण, तालाची समज आणि सूचना ऐकून लगेच बदल करण्याची सवय लागते. तारपा नाच सोडण्याचे तर काहीच कारण नाही. भरतनाट्यम किंवा कथकच्या मान्यताप्राप्त परीक्षा आणि लोककलेतील सहभाग यांसाठी दहावीला नियमानुसार वाढीव गुण मिळू शकतात. हा फायदा बॅलेचे पुढे काहीही झाले तरी हातात राहतो.

घरी सराव करताना जमिनीकडे लक्ष द्यावे. बॅलेच्या वर्गात खाली पोकळी असलेली, दाब झेलणारी लाकडी जमीन असते. घरातील कोबा किंवा फरशीवर वारंवार उड्या मारल्याने नडगी आणि गुडघे दुखावतात. घरी ताणाचे व्यायाम, तोल सांभाळणे आणि हातांच्या हालचाली पुरेशा आहेत.

पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठीचे पुढून कडक बूट, ऑनलाइन मागवून मुलीच्या पायात घालू नयेत. हाडे अजून वाढत असतात. काही वर्षांचा नियमित सराव, घोट्यात आणि पाठीत पुरेशी ताकद आणि साधारण १२ वर्षांच्या आसपासचे वय, हे सगळे पाहून शिक्षक परवानगी देतात. व्हिडीओ पाहून हे शिकता येत नाही.

शिक्षक कसे पारखावेत?

पालकाला बॅले येत नसला तरी काही गोष्टी तपासता येतात. शिक्षक स्वतः कुठे शिकले? त्यांचे विद्यार्थी पुढे कोणत्या शाळांत गेले? वर्ग पाहायला बसू देतात का? दुखापत झाली तर काय करतात? ‘तुमचे मूल दोन वर्षांत लंडनला’ असे सांगणाऱ्याकडून चार पावले दूर राहावे.

बॅले शिकवताना शिक्षक विद्यार्थ्याच्या पाठीला, पायाला हात लावून स्थिती सुधारतात. हा शिकवण्याचा भाग आहे, पण तो सर्वांसमोर आणि सांगून व्हायला हवा. ‘नको वाटले तर नको म्हणायचे आणि घरी सांगायचे’ हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. जाड, काळी, बुटकी असे शेरे मारून मुलाला वर्गासमोर खाली पाहायला लावणारा शिक्षक कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडे मूल ठेवू नये.

ऑडिशनमध्ये नेमके काय पाहतात?

परदेशी शाळांसाठी पहिली फेरी बहुतेक वेळा छायाचित्रे आणि व्हिडीओवर होते. ठरावीक स्थितीतील छायाचित्रे मागवली जातात. व्हिडीओत दांड्याला धरून केलेले व्यायाम, मग दांड्याशिवाय मधोमध केलेले संथ तुकडे, गिरक्या, लहान-मोठ्या उड्या आणि कधी एखादा एकल तुकडा असतो. नंतर निवडक मुलांना प्रत्यक्ष वर्गासाठी बोलावतात.

परीक्षक तयार नाचापेक्षा पुढची शक्यता पाहतात. सांध्यांची ठेवण, पावलाची कमान, शरीराचे प्रमाण, संगीत ऐकण्याची पद्धत आणि एखादी चूक सांगितल्यावर ती दुसऱ्या खेपेस सुधारते का, याकडे त्यांचे लक्ष असते. व्हिडीओ महागड्या कॅमेऱ्यावर काढण्याची गरज नसते. साधा मोबाइल आडवा आणि स्थिर धरावा, प्रकाश समोरून असावा, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर दिसावे, कपडे अंगाला बसणारे असावेत. शाळेने दिलेल्या सूचनांबाहेरचे संपादन किंवा सजावट करू नये.

स्पर्धा हाही एक मार्ग आहे. स्वित्झर्लंडमधील ‘प्री द लोझान’ ही स्पर्धा १९७३ पासून होते आणि १५ ते १८ वयोगटासाठी असते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘यूथ अमेरिका ग्रां प्री’मध्ये ९ ते १९ वयाची मुले भाग घेतात. दोन्हींतून नामांकित शाळांच्या शिष्यवृत्ती मिळू शकतात.

एक फरक ध्यानात ठेवावा. उन्हाळी शिबिरासाठी आलेले बोलावणे म्हणजे पूर्णवेळ प्रवेश नव्हे. शिबिराचे शुल्क भरण्याआधी शाळेच्या अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करावी. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्रमांकावर ‘निवड शुल्क’ पाठवू नये. फसवणूक झालीच तर सायबर मदतवाहिनी १९३० वर तातडीने कळवावे.

खर्च आणि शिष्यवृत्तीचे काय?

खर्च पाच भागांत मांडावा : शिकवणीचे शुल्क, प्रवास आणि बुडालेली मजुरी, बूट व कपडे, परीक्षा व ऑडिशन, आणि पुढे परदेशात गेल्यास निवास-जेवण. पालक पहिला भाग विचारतात आणि उरलेले चार विसरतात. परदेशी शाळेने शुल्क माफ केले तरी राहण्याचा खर्च उरतो. कमल सिंगलाही लंडनच्या खर्चासाठी लोकवर्गणी करावी लागली.

सरकारी योजनांत बॅलेसाठी थेट जागा सापडत नाही. केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजेच सीसीआरटीची, १० ते १४ वयोगटासाठी कला शिष्यवृत्ती आहे, पण तिचा भर शास्त्रीय, लोक आणि आदिवासी कलांवर आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि त्यापुढील शिक्षणासाठी आहे. शालेय वयातील बॅले प्रशिक्षण त्यात बसत नाही. तरीही डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृह आणि शालेय शिक्षणाच्या योजनांची चौकशी करून ठेवावी. राहण्याचा आणि शाळेचा खर्च तिथून निघाला तर घरावरचा भार हलका होतो.

लोकवर्गणीचा मार्ग बहुधा प्रवेशपत्र हातात आल्यावरच खुला होतो. कर्ज काढून ऑडिशनला जाणे, दागिने गहाण ठेवणे, जमीन विकणे हे निर्णय प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे लेखी पत्र येण्याआधी घेऊ नयेत.

कागदपत्रेही वेळेत हवीत. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग सारखे असावे. १५ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालतो. युरोपातील बहुतेक शाळांचे वर्ष सप्टेंबरला सुरू होते आणि निवडीची प्रक्रिया त्याच्या कित्येक महिने आधी. व्हिसासाठी पैशाचा पुरावा आणि पालकांचे संमतिपत्र लागते. ही तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी.

शरीर आणि मन कसे जपावे?

बारीक दिसण्याच्या दडपणाखाली जेवण कमी करणे हा बॅले शिकणाऱ्या मुलामुलींसमोरचा मोठा धोका आहे. सराव वाढला आणि जेवण तेवढेच राहिले, तर शरीराला ऊर्जा अपुरी पडते. मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, बारीक भेगा पडतात. पाळी तीन महिने आली नाही, एकाच जागी दुखणे कायम राहिले किंवा मूल जेवण टाळू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. महागडी पूरक पावडर लागत नाही. भाकरी, भात, डाळ, अंडी, मासे, नाचणी, शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांवर चांगले शरीर घडते.

मनाच्या बाबतीत पालकांनी एक पथ्य पाळावे. वर्गातून आल्यावर पहिला प्रश्न ‘आज बाई काय म्हणाल्या?’ असा नसावा. ‘भूक लागली का?’ असा असावा. सूचना देण्याचे काम शिक्षकांचे आहे. घरी आल्यावर मुलाला पुन्हा परीक्षक भेटू नये.

शाळा सोडावी का?

नाही. दहावी आणि बारावीची प्रमाणपत्रे हातात असायलाच हवीत. नियमित शाळा शक्य नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावी करता येते. पुढे नृत्यात पदवी घ्यायची असेल, तर जुहूचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथे भारतीय शास्त्रीय नृत्याचे शिक्षण मिळते. दुखापतीने बॅले एका दिवसात थांबू शकतो. त्या दिवशी पुढचा दरवाजा उघडणारा कागद शाळेचाच असतो.

नकार आला तर?

येण्याचीच शक्यता जास्त असते आणि तो बहुतेक मुलांना येतो. नकारात अनेकदा कारण दिलेले नसते. त्या वर्षी जागा कमी असणे, सांध्यांची ठेवण त्या शाळेच्या पद्धतीला न जुळणे, वय एखाद्या वर्षाने पुढे असणे, अशी कोणतीही कारणे असू शकतात. नकारानंतर लगेच पुढचा अर्ज भरण्यापेक्षा शिक्षकांसोबत व्हिडीओ पाहून काय सुधारता येईल आणि काय सुधारण्याजोगे नाही, हे वेगळे करावे. बॅलेचे प्रशिक्षण समकालीन नृत्य, नृत्यदिग्दर्शन, शिकवणे, चित्रपट आणि रंगभूमी इथेही उपयोगी पडते.

म्हणून सुरुवातीच्या घराने दहा वर्षांचा नव्हे, एका वर्षाचा निर्णय घ्यावा. यंदा किती पैसे, आठवड्यातले किती दिवस आणि कोण सोबत जाणार, हे वहीत लिहावे. वर्षअखेरीस तीनच गोष्टी तपासाव्यात : मूल स्वतःहून सरावाला उठते का, शिक्षक प्रगती दाखवू शकतात का आणि घरातील इतर भावंडांचे शिक्षण-जेवण यांना झळ बसलेली नाही ना. तिन्हींची उत्तरे ठीक असतील, तर पुढच्या वर्षाचा हिशेब मांडावा. नसतील, तर थांबावे आणि ते मुलाला समोर बसवून, कारणासह सांगावे. दोन्ही वेळी त्या वर्षाच्या तारप्याच्या फेरात तिची जागा राखून ठेवावी.